ख्रिस्ती झालेल्याची जमीन, न झालेल्याची जमीन

(कार्यकर्ता शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संघटनेच्या वतीने झालेले भाषण. ज्या पाड्यांवरून कोणी येऊ शकले नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावे.)



आज सकाळी प्लॉटच्या कागदांवर बोलायचं ठरलं होतं. ते आता दुपारी. काल रात्री जो विषय निघाला आणि आवाज चढले, तो आधी घेऊ. तो तसाच ठेवून कागद भरायला बसलो तर यादी एक होणार नाही, दोन होतील.

काही पाड्यांवर थोडी घरं प्रार्थनेला जायला लागली आहेत. गावदेवाची वर्गणी ती देत नाहीत. म्हणून बाकीच्यांनी त्यांच्या बायांना विहिरीवर बोल लावले. इथपर्यंत घरातलं भांडण होतं. मग सावकाराच्या माणसांनी त्यात हात घातला. एकांना सांगतात, संघटना ख्रिस्ती लोकांची आहे, मोर्चाला गेलात तर बाटवतील. दुसऱ्यांना सांगतात, तुम्ही ख्रिस्ती झालात म्हणजे आदिवासी राहिला नाहीत, आता तुमची जमीन परत मिळायची नाही. आणि प्रार्थना घेणाऱ्यांपैकीही कोणी कोणी सांगतात की जमीन ही या जगाची गोष्ट, विश्वासणाऱ्याने मोर्चात कशाला जायचं.

कायद्याचं आधी सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. अनुसूचित जमातींची यादी १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने निघाली. त्या यादीला धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या यादीला आहे, आणि त्यामुळे दलित ख्रिस्ती भावांवर अन्याय होतो असं आमचं मत आहे, पण तो विषय वेगळा. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, भिल्ल माणूस हिरव्याला मानो, येशूला मानो, नाहीतर कोणालाच न मानो, तो यादीत आहे. तेव्हा बिहारमध्ये असलेल्या लोहरदगाच्या १९६२ च्या निवडणुकीवरून हाच वाद कोर्टात गेला होता. ख्रिस्ती उरांव हा आदिवासींच्या राखीव जागेवर उभा राहू शकतो का? पाटणा हायकोर्टाने सांगितलं, राहू शकतो. आपल्याकडे जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा आहे, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनींचा. त्यातही खातेदार जमातीचा आहे का एवढंच बघतात. देव कोणता हे तलाठ्याने विचारायचा प्रश्नच नाही. विचारलं तर उत्तर देऊ नका, कोणत्या कलमाखाली विचारता ते लेखी मागा.

पण कालचं भांडण कायद्याचं नव्हतं. ख्रिस्ती माणसाने जमिनीच्या, राजकारणाच्या लढाईत यावं की नाही, ते होतं. आमच्यात काही जण बायबल वाचतात, काही कणसरीला मानतात, काही काहीच मानत नाहीत. पुस्तकात काय लिहिलंय ते बघायला मात्र कोणाला मनाई नाही. म्हणून आम्ही बसून बघितलं.

बायबलच्या जुन्या भागात लेवीय नावाचं पुस्तक आहे. त्याच्या २५ व्या अध्यायात शेतजमिनीचा कायदा आहे. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा. अशी सात साती झाल्या की पन्नासावं वर्ष, त्याला योबेल म्हणतात. त्या वर्षी शिंगं वाजवायची आणि ज्याची जमीन गेली असेल ती त्याच्या घराण्याला परत. कर्जापायी जो दुसऱ्याच्या घरी राबायला लागला, तो मोकळा. कारण जमीन देवाची आहे, ती कायमची विकता येत नाही, माणसं तिच्यावर बाहेरून येऊन राहिलेल्यांसारखी आहेत. किंमत कशी ठरवायची तेही दिलंय. पन्नासाव्या वर्षाला जितकी पिकं उरली असतील तितक्या पिकांची किंमत. म्हणजे विकली जात होती ती मधली पिकं, जमीन नव्हे. आपल्याकडे पाच वर्षांच्या गहाणाचं पन्नास वर्षांत खरेदीखत कसं होतं ते आठवा, म्हणजे हा कायदा कोणाला अडवायला केला होता ते कळेल.

हे पन्नासावं वर्ष त्या देशात खरोखर कितीदा पाळलं गेलं याची जाणकारांना शंका आहे. कायदा कागदावर आणि जमीन सावकाराकडे, हे आपल्याला नवीन नाही. आणि त्याच अध्यायात परक्या लोकांना कायमचं गुलाम ठेवायला परवानगीही आहे. तेव्हा पुस्तक डोळे उघडे ठेवून वाचायचं, अर्धं पान झाकून नाही.

नाबोथाची गोष्ट काही जणांना माहीत आहे. राजाला त्याचा द्राक्षाचा मळा पाहिजे होता, वाड्याला लागून होता म्हणून. पैसे देतो म्हणाला, दुसरीकडे चांगली जमीन देतो म्हणाला. नाबोथ म्हणाला, बापजाद्यांची आहे, देणार नाही. मग राणीने राजाच्या शिक्क्याने पत्रं पाठवली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी मारलं आणि राजा मळ्यात जाऊन उभा राहिला. पर्यायी जमीन, सरकारी शिक्का, खोटा पंचनामा. आपल्याला वेगळं काही समजावून सांगायला नको.

पण आम्हाला सगळ्यात जास्त भिडली ती नहेम्याची गोष्ट. ही फारशी कोणी सांगत नाही, म्हणून नीट सांगतो. सुमारे २४०० वर्षांपूर्वी यरुशलेमेवर इराणच्या बादशहाचं राज्य होतं. नहेम्या तिथला सुभेदार, तोही यहुदीच. गावाची पडकी भिंत बांधायचं काम चाललं होतं. तेव्हा माणसं आणि त्यांच्या बायका मोठ्याने ओरडायला लागल्या. बायका ओरडल्या असं स्पष्ट लिहिलंय. कोणाविरुद्ध? बादशहाविरुद्ध नाही, आपल्याच भाऊबंदांविरुद्ध. कोणी म्हणे, पोरं पुष्कळ आहेत, खायला धान्य नाही. कोणी म्हणे, दुष्काळात धान्यासाठी शेत, मळा, घर गहाण टाकलं. कोणी म्हणे, बादशहाचा सारा भरायला कर्ज काढलं, आता पोरी दुसऱ्यांच्या घरी बटकी झाल्या, सोडवायला हातात काही नाही, शेतं तर दुसऱ्यांची झाली.

ऐकताना वाटतं, आपल्याच पावसाळ्याची गोष्ट सांगतंय कोणी. मृगात वरईच्या खावटीसाठी सावकाराच्या ओट्यावर बसायचं आणि भातकापणीला दिढी-दुप्पट मोजून द्यायची. लग्नासाठी पैसे काढले की नवरा-बायको दोघं लग्नगडी, वर्षानुवर्षं.

नहेम्या चिडला. त्याने मोठी सभा बोलावली आणि श्रीमंतांना सर्वांसमोर विचारलं. आपण आणि आपली माणसंही कर्ज देतो हे त्याने लपवलं नाही. शेतं, मळे, जैतुनाच्या बागा, घरं आजच्या आज परत द्या, पैशावर आणि धान्यावर व्याज घेता तेही परत द्या, असं सांगितलं. ते म्हणाले, देतो. तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने पुरोहितांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर श्रीमंतांना शपथ घ्यायला लावली. पुरोहिताचं काम इथे काय आहे बघा. जमीन या जगाची गोष्ट आहे असं सांगणं नाही. जमीन परत देण्याच्या शपथेला साक्षीला उभं राहणं, हे काम.

आता कोणी म्हणेल, पुस्तकात असणं एक आणि चर्चने करणं दुसरं. बरोबर आहे. त्यासाठी झारखंडमधल्या छोटानागपूरची हकीकत ऐका. तिथले मुंडा, उरांव आपलेच भाऊ, आणि जे आपल्या पाड्यावर आता होतंय ते त्यांच्याकडे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

मुंडांची रीत अशी की ज्या खुंटाने, म्हणजे ज्या कुळीने, जंगल तोडून गाव बसवलं, ते गाव त्या खुंटाचं. याला खुंटकट्टी म्हणतात. एकट्याची मालकी नाही, राजाची नाही, कंपनीची तर नाहीच. पुरावा कशाचा? पूर्वजांच्या हाडांवर ठेवलेल्या मोठ्या दगडांचा. आपल्याकडे वीर बसवतात तसंच समजा. पुढे राजाने बाहेरचे ठेकेदार, जमीनदार आणून बसवले. त्यांना तिथे दिकू म्हणतात. इंग्रजांच्या कोर्टाने दगड मानले नाहीत, कागद मानला. कागद दिकूकडे. खंड वाढला आणि वेठ आली. तिथेही शब्द बेठबेगारीच आहे.

१८४५ साली बर्लिनहून गोस्नर मिशनचे चार पाद्री रांचीत आले. पाच वर्षं एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. १८५० मध्ये चौघे उरांव झाले, आणि मग हळूहळू हजारो. ते सगळे फक्त आत्म्याच्या तारणासाठी गेले असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. आणि पैशासाठी बाटले असं म्हणणं खोटं आहे. जमीनदारापुढे मान वर करून उभं राहता येईल, कोणी साहेब आपल्या बाजूने कोर्टात बोलेल, ही आशा होती. शाळा होती. लिहिता आलं की अर्ज करता येतो. आणि ख्रिस्ती झालेल्या आदिवासींनी खरोखरच अर्ज करायला, वेठ नाकारायला, गेलेल्या जमिनी नांगरायला सुरुवात केली. यालाच पुढे सरदारांची लढाई म्हणाले. १८५८ च्या सुमारापासून ती जवळजवळ चाळीस वर्षं चालली.

सरदार म्हणायला लागले, सगळी जमीन आमची, जमीनदार नकोच, आमचा आम्ही कारभार करू. तेव्हा पाद्री मागे सरले. थोडी भुईहारी जमीन १८६९ च्या कायद्याने नोंदवून मिळाली होती, तेवढ्यावर समाधान माना म्हणाले. सरदार त्यांना सोडून कॅथलिक मिशनकडे गेले. तिथे कॉन्स्टंट लिव्हन्स नावाचा बेल्जियमचा तरुण फादर १८८५ मध्ये तोरप्याला आला होता. त्याने मुंडारी शिकली, कूळकायदा शिकला, लोकांचे खटले समजून घेतले आणि वकील उभे केले. कायद्यात नाही ती वेठ करू नका असं सांगितलं. गावंच्या गावं त्याच्याकडे आली. जमीनदार आणि सरकार दोघंही बिथरले. क्षयाने आजारी पडून तो परत गेला आणि १८९३ मध्ये मेला. पण त्याची मर्यादाही बघा. तो इंग्रजांच्या कायद्यात जेवढं बसतं तेवढं मिळवून देत होता. सरदारांना कायदा करणाराच बदलायचा होता. तिथेही ताटातूट झाली.

याच मातीत बिरसा मुंडा उभा राहिला. जन्म १८७५. घर ख्रिस्ती झालेलं, शिक्षण चाईबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत. मिशनऱ्यांनी सरदारांना नावं ठेवली, तेव्हापासून तो दूर झाला. पाद्री असो की कलेक्टर, साहेबांची टोपी एकच, असं लोक बोलायला लागले होते. बिरसाने स्वतःचा धर्म सांगितला. त्यात सिंगबोंगा होता आणि बायबलमधलं ऐकलेलंही काही होतं. २४ डिसेंबर १८९९ ला, नाताळच्या आदल्या रात्री, उलगुलान पेटलं तेव्हा बाण चर्चवर आणि मिशनवरही सुटले. ९ जानेवारी १९०० ला सैल रकबच्या टेकडीवर सरकारने गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा सरकारी आकडा आणि लोकांच्या आठवणीतला आकडा यांचा मेळ आजही बसत नाही. ९ जूनला बिरसा रांचीच्या तुरुंगात मेला, पंचविशी पुरी झाली नव्हती.

यापुढचं आम्हाला महत्त्वाचं वाटतं. ज्या सरवदा मिशनवर त्या रात्री बाण आले, तिथे हॉफमन नावाचा जर्मन फादर होता. तो बिरसाच्या बाजूचा नव्हता, उलट विरोधातच होता. पण लोक का उठले हे त्याला कळलं. मुंडांची खुंटकट्टी म्हणजे काय ते त्याने सरकारला लिहून समजावलं, आणि १९०८ चा छोटानागपूर कूळकायदा झाला त्यात ते उतरलं. आदिवासीची जमीन बाहेरच्याला घ्यायला त्या कायद्याने अडवलं. हा कायदा चर्चने दिला असं काही लोक सांगतात, ते आम्हाला मान्य नाही. बाण सुटले नसते तर सरकारने हॉफमनचं ऐकलं नसतं. हॉफमनने लिहून दिलं नसतं तर कायद्यात कदाचित दगडांऐवजी पुन्हा दिकूचा कागदच आला असता. दोन्ही खरं आहे.

१९०९ मध्ये त्याने पतपेढी काढली. कर्ज सावकाराकडून काढायचं नाही, आपल्याच ठेवीतून आपल्याला, थोड्या व्याजाने. जोडीला धान्यगोळे. कायद्याने जमीन राखली तरी खावटी सावकाराकडेच असेल तर जमीन दुसऱ्या दाराने जाते, हे त्याला समजलं होतं. ही पेढी मात्र कॅथलिकांची होती, नावातच तसं होतं. सावकार सगळ्यांना सारखा लुटतो आणि त्यावरचा उपाय एका चर्चपुरता, हे दुबळेपण आपण आपल्या धान्यबँकेत येऊ द्यायचं नाही. १९१५ मध्ये महायुद्धात तो जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला देशाबाहेर काढलं.

पुढे त्याच तोरप्याच्या भागात कोयल-कारो धरणाविरुद्ध गावं उभी राहिली. सरना मानणारी आणि ख्रिस्ती, दोन्ही. सरनाची राई पाण्याखाली जाऊ देणार नाही असं ख्रिस्ती घरंही म्हणाली. कोणी कोणाचा देव बदलला नाही, धरणाला मात्र एकत्र नाही म्हणाले.

एक क्रूस दोन्हीकडे कसा असतो ते दूरच्या ब्राझील देशातही दिसलं. १९६४ मध्ये तिथे जमीनवाटपाची भाषा करणारं निवडून आलेलं सरकार होतं. कम्युनिस्ट येतील म्हणून देवाच्या आणि स्वातंत्र्याच्या नावाने मोठे मोर्चे निघाले, पाद्री त्यात होते. मग लष्कराने सत्ता घेतली आणि स्वातंत्र्य २१ वर्षं गेलं. त्या राजवटीत कंपन्यांना करात सवलती देऊन जंगलात गुरांची कुरणं करायला पाठवलं आणि तिथे कसणाऱ्यांना हाकललं. तेव्हा त्याच चर्चमधल्या काही बिशपांनी १९७५ मध्ये जमिनीच्या प्रश्नासाठी एक आयोग काढला. तो हाकललेल्यांच्या बाजूने उभा राहिला, आणि त्यापायी काही फादर, सिस्टर, कार्यकर्ते मारले गेले. धर्म तोच, पुस्तक तेच. म्हणून ख्रिस्ती धर्म गरिबांचा की मालकांचा, हा प्रश्न आम्हाला अर्धवट वाटतो. कोणत्या गावात, कोणत्या वर्षी, कोणाच्या जमिनीवरून, ते आधी सांगावं लागतं.

आपल्याकडे १९४५ साली झरीच्या सभेनंतर वारल्यांनी वेठ बंद केली. लाल बावटा होता. त्यात धर्म कोणी विचारला नाही, आणि १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला तेव्हा गोळीनेही विचारला नाही. दोन वर्षांनी देश स्वतंत्र झाला. मत मिळालं. पण जंगल इंग्रजाच्या फॉरेस्टचं होतं ते आपल्या फॉरेस्टचं झालं, गार्ड तोच राहिला, कोंबडी तीच मागतो. राज्य मोकळं झालं, जमीन अडकलेलीच राहिली. आता कोणी सांगतं जमीन सरकारची, कोणी सांगतं बाजारात जो पैसे देईल त्याची. मुंडांचे दगड, लेवीयचा अध्याय आणि आपली धरतरी, तिघंही तिसरंच काही सांगतात: कसणाऱ्याला कसायला, विकायला नाही. यावर आपली मागणी उभी आहे. तिला परदेशी म्हणणाऱ्याने आपल्या म्हाताऱ्यांना विचारून यावं.

तर काल रात्रीच्या भांडणावर संघटनेचं म्हणणं असं. गावदेवाची वर्गणी ज्याला द्यायची तो देईल, सक्ती नाही. पण गावदेवाच्या दिवशी जी गावकी बसते, पाण्याचं आणि राबाचं ठरवते, तिला ख्रिस्ती घरांनी यायचं. पूजेला नाही बसलात तरी बैठकीला बसायचं. विहीर कोणी कोणाला बंद करायची नाही. ज्या पाड्यावर ती बंद होईल त्या पाड्याचे कागद संघटना हातात घेणार नाही, हे कडक वाटलं तरी चालेल. प्रार्थना घेणाऱ्या भावांना आमची विनंती आहे की नहेम्याचा पाचवा अध्याय एकदा प्रार्थनेत वाचा आणि मग मोर्चाबद्दल काय सांगायचं ते सांगा. आम्ही ऐकायला येऊ.

प्लॉटच्या दाव्यांची यादी पाड्याची एकच. नावं घराच्या क्रमाने, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत. दाव्यापुढे पुरावा म्हणून दंडाची पावती असेल तर ती, नसेल तर कधीपासून कसतो ते सांगणाऱ्या दोन म्हाताऱ्यांची नावं आणि अंगठे. त्यातला एक अंगठा शक्यतो दुसऱ्या देवाच्या घरातला घ्या. म्हणजे साहेब फोडायला आला तर कागदावरच अडेल.

आणि रविवारी सकाळी सभा ठेवू नका. ती घरं प्रार्थनेला जातात आणि मग ती आली नाहीत असं आपणच बोलतो. शनिवारी रात्री जेवणानंतर बसा.